बेदाणा शेडमधले हात : कातडी फुटायच्या आधीच नुकसान मोजता येतं का?

टाकीकाठ | सोमवार, सकाळी ७:१०

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याची धांदल असते. डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवायच्या टाकीवर असणाऱ्यांचे, त्यातही बायकांचे, हात हंगाम मध्यावर आला की फुटायला लागतात. भेगा दिसल्यावर मलम लावतात, पण कातडीचं आतलं गणित त्याच्या बरंच आधी बिघडलेलं असतं.

द्रावण सगळीकडे जवळपास एकच. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली इथाइल ओलिएट, सामू (पीएच) ११ च्या आसपास. कॅरेट बुडवायचं, २ ते ४ मिनिटांनी काढायचं, निथळायचं, जाळीवर पसरायचं. दिवसभर हेच.

यंदा ३ शेडमधल्या साधारण ४० जणांच्या हातांची मोजणी हंगामाआधीपासून करायची आहे. न टोचता, न खरवडता. प्रश्न असे: कोणतं माप सगळ्यात आधी इशारा देतं? शेडच्या उकाड्यात ते चालतं का? आणि महागडं उपकरण नसेल तर काय करता येईल? ज्यांना या मापांची खरी माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

त्वचापटल | सोमवार, सकाळी ९:३५

चांगला विषय. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सगळ्यात आधी हलतं ते टीईडब्ल्यूएल, म्हणजे घाम सोडून कातडीतून आपोआप बाहेर झिरपणारं पाणी. एकक ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति तास. निरोगी माणसाच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, ते साधारण ५ ते १० असतं. कातडीचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर म्हणजे विटांची भिंत धरा. पेशी या विटा, मधली चरबी हा गिलावा. गिलावा निघाला की पाणी झिरपायला लागतं आणि हे डोळ्यांना काही दिसायच्या आधी घडतं.

तुमच्या द्रावणाचं कामच मुळी द्राक्षावरची मेणाची लव मोडून पाण्याला वाट करून देणं. मण्याच्या बाबतीत जे हवं आहे, तेच हाताच्या बाबतीत नको आहे.

दुसरं माप सामूचं. कातडीचा पृष्ठभाग आम्ल असतो, साधारण ४.५ ते ५.५. वरच्या थरातली चरबी तयार करणारी एन्झाइम्स या आम्लतेतच नीट काम करतात. सामू वर सरकला की ती मंदावतात, आणि पेशींना धरून ठेवणारे दुवे तोडणारी दुसरी एन्झाइम्स जोर धरतात. मग कोंडा सुटतो, खरखर येते. ५ आणि ११ मधला फरक ६ अंकांचा, म्हणजे १० लाख पट. एवढ्या अल्कलीत हात रोज जात असेल तर कातडीला स्वतःची आम्लता परत आणायला सवडच मिळत नाही.

तिसरं माप ओलाव्याचं, कपॅसिटन्सवर, म्हणजे कातडी विजेचा भार किती धरते त्यावर चालणारं. ते वरच्या १० ते २० मायक्रॉन जाडीतलं पाणी पाहतं. आकडा उपकरणाच्या स्वतःच्या एककात येतो, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावू नका.

मोजपट्टी | सोमवार, सकाळी ११:०२

त्वचापटल यांच्याशी सहमत, पण शेडमध्ये टीईडब्ल्यूएल मोजणं विसरा. हे माप २० ते २२ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीसाठी आहे. माणसाला तिथे किमान १५, जमलं तर ३० मिनिटं बाह्या वर करून नुसतं बसवायचं. मार्चमधल्या दुपारी पत्र्याखाली मोजाल तर उपकरण घाम मोजेल आणि तुम्ही त्याला नुकसान म्हणाल.

तळहातावर तर मोजूच नका. तिथलं टीईडब्ल्यूएल मुळातच जास्त असतं आणि घामाच्या ग्रंथी दाट. हाताची पाठ घ्या.

वाऱ्याचंही तेच. उघड्या नळीच्या प्रोबमध्ये तापमान आणि आर्द्रतेच्या सेन्सरच्या दोन जोड्या कातडीपासून वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि त्यांच्यातल्या फरकावरून बाष्प किती निघतंय ते काढलं जातं. पंख्याची झुळूक आली की तो फरक पुसला जातो. दार उघडलं तरी आकडा नाचतो. पंखा बंद करा आणि हात एका खोक्यात ठेवा. ३० सेंमी लांबी-रुंदी-उंचीचं, वरून उघडं, बाजूने हातापुरतं भोक असलेलं पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. प्रोब धरणाऱ्याच्या हाताची ऊब प्रोबमध्ये जाते, म्हणून तो उघड्या मुठीत न धरता चिमट्यात किंवा जाड मोज्यात धरा. कातडीवर टेकवायचा, दाबायचा नाही. आकडा स्थिर व्हायला ३० ते ६० सेकंद लागतात.

बंद कक्षाचं उपकरण वाऱ्याला दाद देत नाही आणि फील्डवर तेच बरं. दोन मोजण्यांच्या मध्ये कक्ष कोरडा होऊ द्यावा लागतो, तेवढा धीर हवा.

द्राक्षवेल | सोमवार, दुपारी १:२०

एक राहिलं. कामावरून उठलेल्या हातावर हे कोणतंच माप खरं सांगत नाही. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. त्याचा पातळ थर हातावर राहिला की ओलाव्याचं उपकरण भरभरून आकडा दाखवतं आणि कोरडी पडलेली कातडी मऊसूत वाटते. ओलिएटचा तेलकट पापुद्रा राहिला तर उलटा घोळ, बाष्प अडतं आणि टीईडब्ल्यूएल कमी येतं. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी चांगले, आणि हात मात्र खराब.

टाकीकाठ | सोमवार, दुपारी १:४८

मग हात धुवून मोजायचे का?

द्राक्षवेल | सोमवार, दुपारी २:०५

धुतल्यावर लगेच तर नाहीच. भिजलेल्या वरच्या थरातून पाणी उडत राहतं आणि टीईडब्ल्यूएल वर जातं. साबण लावला तर सामूही वर जातो, अंघोळीच्या वडीचाच सामू ९ ते १० असतो.

मोजणी सकाळी कामाला हात लागायच्या आधी करा. आदल्या रात्रीपासून तेल, मलम, व्हॅसलीन काही नाही. सकाळी हात साध्या पाण्याने धुतले असतील तर ते धुणं आणि मोजणी यांत दोनेक तास जाऊ द्या. चहा आणि तंबाखू आधी किमान तासभर बंद. फेब्रुवारीत आपल्याकडे सकाळी ७ च्या सुमाराला हवा गार असते, तेव्हा बंद खोलीत वातानुकूलनाशिवायही २०-२२ अंश मिळू शकतात. एप्रिलमध्ये मिळणार नाहीत. तेव्हा एसी असलेली खोली शोधा आणि एसीचा झोत हातावर येत नाही ना ते बघा.

ऊसपाचट | सोमवार, दुपारी ४:१५

एवढ्या भानगडीपेक्षा सगळ्यांना चांगले हातमोजे घेऊन द्या की. मोजून हात बरे होत नाहीत.

त्वचापटल | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मोजे द्यायचेच. पण मोजे चालतायत की नाही हे कशावरून ठरवणार? मोज्याच्या आत द्रावण शिरलं तर उघड्या हातापेक्षा वाईट अवस्था होते, कारण ते आत कोंडून राहतं आणि कातडी घामाने आधीच भिजलेली असते. जर्मनीत कामगारांच्या त्वचेसाठी जो नियम आहे त्यात २०२२ पर्यंत दिवसात २ तासांहून जास्त हात ओले असणं आणि २ तासांहून जास्त बंद मोज्यात असणं, दोन्ही 'ओलं काम'च धरत असत. म्हणून मोजे द्या आणि मोजाही.

मोजा कोणता हेही सांगतो. साधं रबर म्हणजे लॅटेक्स घेऊ नका, तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. नायट्राइल घ्या, कोपरापर्यंत येणारे, आत सुती मोजा. सुती मोजा ओला झाला की बदलायचा. एका माणसाला दिवसाला ३-४ जोड लागतील असं धरून चाला.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ९:१०

आता आकड्यांचं. नुसत्या एका आकड्याला काही किंमत नाही. माणसामाणसात फरक असतो, हवेने फरक पडतो, उपकरणाने पडतो. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची, आणि तीही दोनदा: हाताची पाठ विरुद्ध त्याच हाताची न भिजणारी, मनगट आणि कोपराच्या मधली आतली बाजू, आणि आज विरुद्ध हंगामाआधी.

समजा डिसेंबरात पाठीवर १२ आणि आत ८. फरक ४. फेब्रुवारीअखेर पाठीवर १९, आत ९. फरक १०. आतल्या बाजूचा १ अंक म्हणजे त्या दिवसाची हवा. उरलेले ६ टाकीचे. नुसता १९ पाहिला असता तर "ठीक आहे, थोडा जास्त" म्हणून सोडून दिला असता.

जागा दर वेळी तीच हवी. ओएचपीची पारदर्शक शीट घ्या, मनगटाच्या घडीची रेघ तिच्यावर आखा आणि दोन भोकं पाडा. एक हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागाच्या थोडं आतल्या बाजूला. दुसरं आतल्या बाजूला मनगटापासून ८ ते १० सेंमी वर. मनगटाच्या जवळ जाऊ नका, तिथे टीईडब्ल्यूएल आपोआप जास्त भरतं. ओलाव्याच्या मापाचे ३ आकडे घेऊन सरासरी काढा, पण भोकाच्या आत जागा थोडी सरकवत. एकाच बिंदूवर प्रोब पुन्हापुन्हा दाबला की त्याच्याखाली ओल साठते आणि आकडा चढत जातो.

आणि टाकीवर न जाणारे, फक्त निवड-प्रतवारी करणारे १० जण बरोबर मोजा. हिवाळ्याने किती, टाकीने किती, हे त्यांच्याशिवाय कळणार नाही.

कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी ८:००

टीईडब्ल्यूएलचं यंत्र लाखांच्या घरात जातं. ४० जणांसाठी कोण घेणार? ऑनलाइन ओलावा मोजायचं पेन काही शे रुपयांत मिळतं. ते चालेल का?

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ८:४०

ती पेनं विजेच्या रोधावर अंदाज बांधतात आणि टक्के दाखवतात. कशाचे टक्के हे ती सांगत नाहीत. घ्यायचंच असेल तर आधी परीक्षा घ्या. एकाच हातावर, शेजारशेजारच्या जागी १० आकडे, मध्ये प्रत्येकी मिनिटभर थांबून. प्रमाण विचलन भागिले सरासरी, गुणिले १००. १० टक्क्यांच्या वर गेलं तर ते पेन परत करा. आणि काल द्राक्षवेल यांनी सांगितलेली क्षाराची गोष्ट या पेनांना दुप्पट लागू. खारट हातावर ती हमखास चढा आकडा देतात.

सामूचं माप मात्र परवडतं. सपाट टोकाचा काचेचा इलेक्ट्रोड हवा, माती-पाण्याचा गोल टोकाचा नाही. रोज सकाळी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणांवर, जुळवून घ्यायचा. कातडीवर शुद्ध पाण्याचा एक थेंब, त्यावर टोक टेकवायचं, आकडा थांबेपर्यंत थांबायचं. वापर झाला की टोक ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या टोपणात. शुद्ध पाण्यात बुडवून ठेवला तर तो बिघडतो, सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

दृष्टीआड | मंगळवार, सकाळी १०:२५

उपकरणांच्या आधी डोळे वापरा. ओल्या कामाचं नुकसान पहिल्यांदा दिसतं बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठीखाली. तिथे द्रावण अडकतं, लवकर वाळत नाही. बोटं फाकवून बेचकं ताणा, खिडकीतला उजेड बाजूने तिरपा पडू द्या. सुरुवातीला पिठूळ पांढरी रेघ दिसते, कातडीवरच्या बारीक आडव्या-उभ्या घड्या ठळक होतात, चकाकी जाते. लाली नंतर येते. प्रोब बेचक्यात बसतच नाही, त्यामुळे यंत्र घेऊन बसलेले लोक नेमकी हीच जागा चुकवतात.

मोबाइलने फोटो काढायचे तर स्टँडवर, अंतर २५ सेंमी ठरलेलं, दिवा बाजूने ४५ अंशात, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, चौकटीत दर वेळी तेच करड्या रंगाचं कार्ड. फ्लॅश नको, तेलकट चकाकी येते आणि कोंडा पुसल्यासारखा दिसतो.

कागदावरही गुण मांडता येतात. हेक्सी म्हणून हाताच्या इसबाची एक गुणपद्धत आहे. हाताचे ५ भाग: बोटांची टोकं, बोटं, तळहात, पाठ, मनगट. प्रत्येक भागात ६ लक्षणं: लाली, जाडी, पाण्याचे फोड, भेगा, कोंडा, सूज. प्रत्येकाला ० ते ३. बेरजेला त्या भागाचा किती हिस्सा बाधित आहे त्याच्या ० ते ४ गुणांनी गुणायचं. पाचही भागांचे मिळून कमाल ३६०. एकाच माणसाने सगळ्यांचे हात पाहिले तर हा कागद पेनपेक्षा कितीतरी भरवशाचा.

हळदपेठ | मंगळवार, दुपारी १२:१०

लालीबद्दल सांगलीत एक खास अडचण आहे. रंगमापक लावला की तीन आकडे येतात: एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्याकडून लालाकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. ए वाढला की लाली वाढली असं धरतात. पण आपल्या भागात अर्ध्या हातांवर हळद असते, घरची किंवा कामाची. हळदीने बी वाढतो हे सरळ आहे. पुढची गोष्ट जास्त फसवी. हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे घराघरात माहीत आहे. हळदीतलं कर्क्युमिन सामू साधारण ८.५ च्या पुढे गेला की पिवळ्याचं तांबूस तपकिरी होतं. हळदीचा हात ११ सामूच्या टाकीत गेला की तो लाल दिसणार, आणि रंगमापक ए वाढवून सांगणार. ती लाली कातडीची नाही.

ओळखायचं कसं? पारदर्शक पट्टीने दाबा. रक्ताची लाली दाबल्यावर फिकी पडते आणि सोडल्यावर परत येते. हळदीचा डाग दाबाला जुमानत नाही. मेंदी असली तर त्या जागेचा रंग मोजूच नका.

त्वचापटल | मंगळवार, दुपारी १२:५५

हळदपेठ, हे फार मोलाचं लिहिलंत. त्याला जोडून: गव्हाळ आणि सावळ्या कातडीत ए आकडा तसाही मंद असतो, मेलॅनिन हे कातडीतलं रंगद्रव्य लाली झाकतं. म्हणून रंगमापकाने आधी कातडीची मूळ छटा नोंदवा. सूत्र: एल मधून ५० वजा करा, बी ने भागा, त्याचा आर्कटॅन अंशांत काढा. एल ४५, बी १८ असेल तर उणे ५ भागिले १८, म्हणजे सुमारे उणे १५.५ अंश. उणे ३० ते १० या दरम्यान तपकिरी छटा धरतात. अशा हातावर लालीची वाट बघत बसू नका. बोटांच्या मागच्या बाजूने ऊब बघा, कडकपणा बघा, आणि खाज-चुरचुर आहे का ते तोंडाने विचारा. पाणी लागल्यावर चुरचुरतं म्हणणारी बाई यंत्राच्या आधी खरं सांगत असते.

माणदेशी | मंगळवार, दुपारी ३:४०

थोडं विषयांतर. शेडवर मधुमेही माणसंही असतात, अनवाणी ओल्या फरशीवर उभी. पायांसाठी असंच काही आहे का?

दृष्टीआड | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

आहे, आणि हातांच्या मापांपेक्षा स्वस्त. इन्फ्रारेड थर्मामीटर. दोन्ही पायांच्या जोडीच्या ठिकाणी तापमान घ्यायचं: अंगठा, चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या मुळाशी, तळव्याचा मध्य, टाच. डावा-उजवा फरक २.२ अंश सेल्सिअस किंवा जास्त, तोही सलग २ दिवस, तर गरम बाजूला आतून दाह सुरू झाला आहे. त्या पायावरचं चालणं-उभं राहणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांवर काम करताना पॉल ब्रँड यांनी हाच धागा पकडला होता: वेदना सांगत नाही तिथे ऊब सांगते.

चूक होते ती कपाळाच्या बंदुकीने. कोविडच्या काळात घेतलेली ती बंदूक 'शरीर' मोडमध्ये कपाळाच्या तापमानात भर घालून अंगातला ताप दाखवते. 'पृष्ठभाग' मोड लावा. पाय धुतल्यावर किंवा उन्हातून आल्यावर १५ मिनिटं पाय उघडे ठेवून मगच मोजा.

कृष्णाकाठची | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसांना? शय्याव्रणाचं आधी कळतं?

त्वचापटल | मंगळवार, रात्री ८:२०

माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाल जागा पारदर्शक पट्टीने दाबायची. दाबूनही लालच राहिली तर नुकसान सुरू झालंय, त्या जागेवरचा भार लगेच काढायचा. कातडीखालची ओल मोजणारा हातात धरायचा स्कॅनरही असतो. तो आजूबाजूच्या जागांचे आकडे घेऊन सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांतला फरक दाखवतो, ०.६ किंवा जास्त असेल तर धोका. तिथेही फरकच बोलतो बघा, एकटा आकडा नाही. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे हातांवर राहू.

हळदपेठ | बुधवार, सकाळी ६:५०

काल जे अडचण म्हणून लिहिलं त्याचाच उपयोग होईल. ऊसपाचट मोजे द्या म्हणाले, त्वचापटल यांनी विचारलं मोजे चालतात हे कशावरून. हळदीच्या कागदावरून.

५ ग्रॅम शुद्ध हळद पूड, ५० मिली सर्जिकल स्पिरिट. ढवळून अर्धा तास ठेवा, वरचं पिवळं पाणी गाळून घ्या. जवळ पेटतं काही नको. पांढरा फिल्टर कागद त्यात बुडवून सावलीत वाळवा. १ बाय ४ सेंमीच्या पट्ट्या कापा आणि काळ्या डब्यात ठेवा, उन्हात हळदीचा रंग उडतो. विकतची रंग घातलेली पूड नको, हळकुंड दळून घ्या.

सुती मोजा आणि नायट्राइल मोजा यांच्या मध्ये ३ पट्ट्या ठेवायच्या: मधल्या बोटाच्या टोकाला, अंगठ्याच्या बेचक्यात, आणि मनगटावर. जेवणाच्या सुट्टीत काढून बघायच्या. घामाने पट्टी ओली होते पण पिवळीच राहते, घाम अल्कली नसतो. द्रावण आत आलं तर तांबडी होते. बोटाच्या टोकाची तांबडी झाली तर मोज्याला टाचणीएवढं भोक आहे. फक्त मनगटाची झाली तर द्रावण मोज्याच्या तोंडातून शिरलंय.

टाकीकाठ | बुधवार, सकाळी ७:३०

तोंडातूनच शिरत असणार. कॅरेट वर उचललं की द्रावण कोपराकडे ओघळतं आणि हात खाली आला की मोज्यात.

द्राक्षवेल | बुधवार, सकाळी ७:५५

मग मोज्याचं तोंड ३-४ सेंमी बाहेर दुमडा, पन्हळीसारखं. ओघळ तिथे अडतो. दर दहा-बारा कॅरेटनंतर हात खाली करून पन्हळ टाकीत रिकामी करायची.

ऊसपाचट | बुधवार, सकाळी ८:३०

हळदीच्या कागदाचं पटलं. माझं परवाचं म्हणणं मागे घेतो.

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ९:१५

कागदाला दोन परीक्षा लावा. नव्या खेपेतल्या एका पट्टीवर द्रावणाचा थेंब, तो तांबडा व्हायलाच हवा. दुसरीवर तुमच्या बोअरच्या पाण्याचा थेंब, ती पिवळीच राहायला हवी. काही बोअरचं पाणी अल्कलीकडे झुकतं, मग पट्टी अर्धवट रंग दाखवेल आणि तुम्ही चांगले मोजे फेकून द्याल. मोजे आतून साबणाने धुतले असतील तर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, नाहीतर पट्टी साबणालाच लाजेल.

हेही लक्षात घ्या, हा कागद संपर्क मोजतो, नुकसान नाही. संपर्क कळला म्हणून बाकीची मापं सोडायची नाहीत. आठवड्याला एकदा सामू आणि हेक्सी सगळ्यांचं. टीईडब्ल्यूएलचं यंत्र एखाद्या महाविद्यालयाकडून किंवा प्रसाधन कंपनीच्या प्रयोगशाळेकडून तीनदा मागून आणा: डिसेंबर, फेब्रुवारीअखेर, आणि हंगाम संपल्यावर ४ आठवड्यांनी. शेवटचं टाळू नका. कातडी मूळ जागी परतली की नाही ते त्यातच कळतं.

दृष्टीआड | बुधवार, सकाळी ११:४०

दोन गोष्टी मोजणीच्या बाहेरच्या. वहीत नाव लिहू नका, क्रमांक लिहा, आणि नावांची यादी शेडमालकाच्या हाती जाऊ देऊ नका. हात खराब म्हणून कुणाची रोजंदारी जाता कामा नये. तसं एकदा झालं की पुढच्या आठवड्यात कुणी हात दाखवणार नाही.

दुसरी, यातलं कोणतंही माप नुसता दाह आणि ॲलर्जी वेगळी करत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून ४८ आणि ९६ तासांनी बघायची पॅच चाचणी लागते, ती त्वचारोगतज्ज्ञाकडेच. रक्त येणाऱ्या भेगा, पू, वर चढत जाणारी लाली, ताप, किंवा दोन आठवडे टाकी बंद ठेवूनही न उतरणारी खाज असेल तर मिरज-सांगलीला त्वचारोग विभागात पाठवा. तिथे जाताना द्रावणातल्या दोन्ही घटकांची नावं चिठ्ठीवर लिहून द्या, 'डिपिंगचं औषध' एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही.

टाकीकाठ | बुधवार, दुपारी २:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली मोजणी घेतो, सकाळी ७ ते ९, दिवसाला ८ जण. सामू, हेक्सी, बेचक्यांचे फोटो. प्रतवारीवरचे १० जण बरोबर. यंत्रासाठी विचारणा सुरू केली आहे. पट्ट्या आजच करून बघितल्या, द्रावणाचा थेंब पडताच कडेपासून तांबडं पसरत गेलं. बोअरच्या पाण्याने कडा किंचित केशरी झाली. हे तांबडं धरायचं का?

हळदपेठ | बुधवार, दुपारी २:४५

नाही. बोअरच्या पाण्याने भिजवलेली एक पट्टी वाळवून प्लास्टिकमध्ये घालून शेडच्या खांबाला सावलीत चिकटवा. कामावरची पट्टी तिच्याशेजारी धरायची. तिच्यापेक्षा गडद असेल तरच तांबडं. रंग सुकल्यावर बदलतो, म्हणून दोन्ही वाळलेल्या असताना बघा, आणि उजेड दिवसाचा हवा. शेडच्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारख्याच दिसतील.